ब्रिस्बेनला एकच दिवस: आधी नदी, मग यादी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, सिडनीहून केर्न्सला जाताना ब्रिस्बेनमध्ये दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस मिळतो आहे. सोबत पत्नी, आठ वर्षांची मुलगी, चौसष्ट वर्षांची आई आणि एकोणसत्तर वर्षांचे वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. हॉटेल शहराच्या मध्यभागी आहे, गाडी भाड्याने घेणार नाही. यादीत अकरा ठिकाणं आहेत: लोन पाइन हे कोआलांचं अभयारण्य, माउंट कूट-था, साउथ बँक, तिथला कृत्रिम समुद्रकिनारा, मोठा आकाशपाळणा, गोमा कलादालन, स्टोरी ब्रिज, कांगारू पॉइंट, बोटॅनिक गार्डन, गॅबा हे क्रिकेटचं मैदान आणि ईट स्ट्रीट. आणि प्रश्न आहे की कोणत्या क्रमाने गेलं तर हे सगळं एका दिवसात बसेल.

मी चौदा वर्षं ब्रिस्बेनमध्ये राहतो. त्यातली नऊ वर्षं भारतातून येणाऱ्या कुटुंबांना आणि छोट्या गटांना हे शहर दाखवतो आहे. अकराच्या अकरा ठिकाणी पाय लावून परत येणं शक्य आहे, त्यासाठी मोठी टॅक्सी दिवसभर ठेवावी लागेल. पण तसं करू नका, असं मी अगदी मनापासून सांगतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गटाला मिनीबसने नऊ ठिकाणं दाखवली होती. दिवसभर एसी बस, उतरा, फोटो काढा, चढा. रात्री हॉटेलच्या दारात त्यातल्या एका आजींनी मला विचारलं, "अहो, तुम्ही सकाळपासून नदी नदी म्हणताय, ती नीट बघायची राहिलीच की." मला फार वाईट वाटलं, कारण चूक सर्वस्वी माझी होती. पूल ओलांडताना काचेतून दिसली तेवढीच त्यांची नदी. तेव्हापासून मी दिवस आखताना आधी नदी धरतो आणि यादी नंतर बघतो.

याचं कारण नकाशा उघडलात की लगेच दिसेल. ब्रिस्बेन नदी शहरातून सरळ जात नाही, नागमोडी वळणं घेत जाते. मधलं शहर म्हणजे एका वळणाच्या पोटातला जमिनीचा सुळका आहे, तीन बाजूंना पाणी. इथल्या मूळ लोकांच्या, तुर्रबल आणि युगेरा लोकांच्या, भाषेत या जागेचं नाव मीआनजिन. त्याचा अर्थही सुळक्यासारखी जागा असाच सांगतात. त्यामुळे दोन ठिकाणं नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात आणि रस्त्याने जाताना वळसा घालून पुलापर्यंत जावं लागतं. पाण्यावरून मात्र तोच प्रवास सुखाचा होतो. सिटीकॅट नावाच्या, खाली दोन तळ असलेल्या वेगवान बोटी १९९६ पासून इथे चालतात. त्या पर्यटकांसाठी काढलेल्या सहलीच्या बोटी नाहीत. लोक कामाला, कॉलेजला त्यांनीच जातात. ऑगस्ट २०२४ पासून इथल्या बस, ट्रेन आणि बोटीचं भाडं माणशी फक्त ५० सेंट आहे. म्हणजे पाच जणांचा एक बोटप्रवास अडीच डॉलरमध्ये होतो. मोठमोठ्या क्रूझची तिकिटं काढण्याआधी हे माहीत असावं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

पहिली गोष्ट ऊन आणि घड्याळ. क्वीन्सलंड राज्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, सिडनीत करतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सिडनीहून आलात की घड्याळ एक तास मागे घ्यायचं. शिवाय सूर्य इथे पाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहापर्यंत मावळतो. आपल्याकडची सवय अशी की सावकाश आवरून, नाश्ता करून दहाला बाहेर पडायचं. इथे दहाला निघालात तर दिवसातले सगळ्यात छान चार-पाच तास झोपेत गेले आणि भर उन्हात फिरणं नशिबी आलं. इथलं ऊन आपल्यासारखं भाजत नाही, पण त्यातले अतिनील किरण फार तीव्र असतात. ढगाळ दिवशीही कातडी जळते. सगळ्यांना टोप्या आणि सनस्क्रीन, वडिलांनाही. "आम्हाला काय उन्हाची सवय आहे" असं ते म्हणतील, तरी लावायला लावा.

दुसरी गोष्ट पाऊस. या दिवसांत दुपारी चारनंतर कधीकधी अचानक काळं होऊन विजांसह वादळ येतं, तासाभरात धुऊन जातं. म्हणून उघड्यावरचं जे चुकवायचं नाही ते सकाळी उरकावं. खूप मोठा पाऊस होऊन नदीला पूर आला तर बोटी बंद ठेवतात. २०२२ च्या फेब्रुवारीतल्या पुरानंतर त्या बरेच दिवस बंद होत्या. नोव्हेंबरमध्ये तसं होण्याची शक्यता कमी, तरीही आदल्या रात्री ट्रान्सलिंकच्या, म्हणजे इथल्या बस-बोटींच्या, ॲपवर एकदा बघून घ्या.

तिसरी गोष्ट वार. ईट स्ट्रीट हा कंटेनरमधल्या खाण्याच्या गाड्यांचा बाजार शुक्रवार ते रविवारच असतो. तुमचा दिवस मंगळवार असेल तर तो आपोआप यादीतून गेला.

आता खरा निर्णय. या यादीतली नऊ ठिकाणं नदीच्या काठावर किंवा काठापासून जवळ आहेत. शहरापासून लांबची दोनच आहेत, लोन पाइन आणि माउंट कूट-था. एका दिवसात या दोघांपैकी एकच घ्यायचं. दोन्ही पश्चिमेला आहेत, टॅक्सीने जोडता येतात हे खरं, पण मग दुपारचे दोन वाजतात आणि दोन्ही म्हातारी माणसं दमलेली असतात. आठ वर्षांची मुलगी सोबत आहे, तर मी डोळे झाकून लोन पाइन म्हणेन. कूट-थाच्या माथ्यावरून शहर आणि लांबवर मोर्टन बे दिसतो, फार सुंदर दिसतो. पण शहराचा देखावा तुम्हाला कांगारू पॉइंटवरून जवळून मिळणार आहे. कोआला मात्र या यादीत दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

लोन पाइनबद्दल एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. हे अभयारण्य १९२७ पासून आहे आणि कित्येक वर्षं इथे कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढता येत असे. २०२४ पासून ते बंद झालं. इंटरनेटवर जुने फोटो भरपूर आहेत, ते बघून मुलं आशेने येतात आणि दारातच रडू फुटतं. जवळ उभं राहून कोआला बघता येतो, आणि कांगारूंच्या मोकळ्या मैदानात हातावर खाणं ठेवून त्यांना भरवता येतं. माझ्या अनुभवात मुलं कोआलापेक्षा कांगारूंमध्येच जास्त रमतात, कारण कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपलेलाच असतो. तिथे अडीच ते तीन तास पुरतात. शहरातून बस थेट फाटकापर्यंत जाते, पाऊण तास धरा.

तर माझ्या हिशेबाने तुमचा दिवस असा जाईल.

सकाळी सहाला खाली उतरा. हॉटेलपासून अॅलिस स्ट्रीटपर्यंत चाला. इथे रस्ते लक्षात ठेवायची एक युक्ती सांगतो, मी सगळ्यांना सांगतो. मधल्या शहरातल्या एका दिशेच्या रस्त्यांना राजघराण्यातल्या बायकांची नावं आहेत, त्यांना काटकोनात छेदणाऱ्यांना पुरुषांची. बागेकडून सुरू केलं तर अॅलिस, मार्गारेट, मेरी, शार्लट, एलिझाबेथ, क्वीन, अॅडलेड, अॅन. छेदणारे विल्यम, जॉर्ज, अल्बर्ट, एडवर्ड. म्हणजे पाटी वाचली की आपण बागेच्या किती जवळ आहोत ते कळतं. वडील एकटे थोडं मागे राहिले तरी चुकणार नाहीत.

अॅलिस आणि एडवर्ड स्ट्रीट जिथे भेटतात तिथे बोटॅनिक गार्डनचा कोपरा आहे आणि तिथूनच कांगारू पॉइंटला जाणारा नवा पूल सुरू होतो. डिसेंबर २०२४ मध्ये तो खुला झाला. त्यावर गाड्या नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले. सायकलींचा पट्टा वेगळा आहे, मुलीला त्यावर जाऊ देऊ नका, सकाळी सायकली जोरात येतात. आई-वडिलांनी पुलाच्या मध्यापर्यंत यावं आणि बसावं. उगवतीचं ऊन मागून शहराच्या इमारतींवर पडतं, खाली नदी, डावीकडे कडे, उजवीकडे लांब स्टोरी ब्रिजचा लोखंडी सांगाडा. तुम्ही, पत्नी आणि मुलगी पुढे कांगारू पॉइंटच्या कड्यावर जाऊन या. हे कडे म्हणजे जुनी दगडाची खाण. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा दगड काढून शहरातल्या जुन्या इमारती बांधल्या. काठापासून माथ्यापर्यंत खूप पायऱ्या आहेत. वडिलांना त्या वाटेने नेऊ नका.

परत येताना बागेत शिरा. १८५५ सालची बाग. झाडाखाली मोठे पाणसरडे उन्हात पडलेले दिसतात, ते काही करत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निळ्या-जांभळ्या जॅकरँडाचा बहर बहुधा शिल्लक असतो. आपल्याकडे पुण्यात, बंगळूरमध्ये जॅकरँडा आहेच, पण ऑस्ट्रेलियात रुजलेलं पहिलं झाड याच बागेत १८६४ मध्ये लावलं असं मानतात. ते मूळ झाड पुढे वादळात पडलं. दुपारी तुम्हाला ते झाड पुन्हा भेटणार आहे, म्हणून आता सांगून ठेवतो.

साडेसात-पावणेआठला नाश्ता. इथले कॅफे पहाटे सहाला उघडतात आणि दुपारी दोन-तीनला बंदही होतात, हे ध्यानात असू द्या. चारला चहा प्यायला जाऊ म्हटलं तर दारं लागलेली असतात. चहा म्हणून जे मिळतं ते पाण्यात बुडवलेली पिशवी आणि वेगळं दूध. आईंना साखर-आल्याचा चहा लागत असेल तर हॉटेलच्या खोलीत किटली असते, सकाळी तिथेच करून निघा. बाकी नळाचं पाणी बिनधास्त प्या आणि बाटल्या भरून घ्या.

सव्वाआठच्या आसपास लोन पाइनची बस. नऊला फाटक उघडतं तेव्हा तिथे असणं महत्त्वाचं, कारण सकाळी प्राणी जागे असतात आणि टूर-बसची गर्दी आलेली नसते. बारापर्यंत निघा. परतीची बस कल्चरल सेंटरला सोडते, म्हणजे थेट साउथ बँकच्या तोंडाशी.

साउथ बँकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक तिथे फोटो काढून निघून जातात. १९८८ मध्ये इथे सहा महिने जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर ही काठाची जागा इमारतींसाठी विकायचा बेत होता. लोकांनी विरोध केला, बाग मागितली, आणि १९९२ मध्ये ती बाग खुली झाली. प्रदर्शनातला नेपाळचा लाकडी शांती-पॅगोडा नागरिकांनी सह्या गोळा करून इथेच ठेवून घेतला. नेपाळमधल्या १६० कुटुंबांनी दोन वर्षं खपून त्याचं कोरीवकाम केलं. त्याच्या खांबांवर, तुळयांवर देव-देवता आहेत. आई तिथे नक्की थांबतील. माझ्यासोबत आलेल्या जवळजवळ प्रत्येक आजी तिथे चपला काढायला वाकल्या आहेत. आत बसायला सावली आहे. घाई करू नका.

एक ते साडेतीन ही वेळ छपराखाली काढायची. साउथ बँकच्या मागच्या रस्त्यांवर जेवणाची भरपूर हॉटेलं आहेत, भारतीयही आहेत, शाकाहारी अडत नाही. जेवून क्वीन्सलंड आर्ट गॅलरी आणि शेजारची गोमा, जी २००६ मध्ये उघडली. दोन्हींना प्रवेश मोफत, फक्त काही खास प्रदर्शनांना तिकीट असतं. वडिलांसाठी आत व्हीलचेअर मागता येते, संकोच करू नका. आर्ट गॅलरीत गॉडफ्रे रिव्हर्स यांचं १९०३ मधलं चित्र आवर्जून बघा. त्यात बोटॅनिक गार्डनमधल्या त्याच पहिल्या जॅकरँडाखाली चित्रकार आणि त्यांची पत्नी चहा घेत बसले आहेत आणि जमिनीवर जांभळा सडा पडला आहे. सकाळी त्या बागेतून चालून आलेलं मूल हे चित्र ओळखतं. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो. गॅलरीत कंटाळणारी मुलंसुद्धा या चित्रापुढे थबकतात.

साडेतीननंतर मुलीला पाण्यात सोडा. नदीच्या काठावर वाळू आणून केलेला हा किनारा मोफत आहे, जीवरक्षक असतात, पाणी शुद्ध केलेलं असतं. पोहण्याचे कपडे सकाळीच पिशवीत टाका. खुद्द नदीत कोणी उतरू नये. तिच्यात बुल शार्क आहेत, हे खरं आहे. किनाऱ्याजवळच्या बाकांवर पांढरे, लांब चोचीचे आयबिस पक्षी टपलेले असतात, ते हातातला वडापाव पळवतील इतके धीट आहेत. खाणं झाकून ठेवा.

मोठ्या पाळण्यात बसायचं की नाही, हे मी कुटुंबावर सोडतो. सकाळचा पूल आणि संध्याकाळची बोट केल्यावर त्यातून वेगळं फारसं दिसत नाही. ते पैसे वाचवा.

आणि आता ज्यासाठी दिवस आखला ती गोष्ट. साडेचार ते पाचच्या दरम्यान साउथ बँकच्या धक्क्यावरून सिटीकॅट पकडा, नॉर्थशोर हॅमिल्टनच्या दिशेची. बँकेचं कार्ड यंत्राला लावून चढता येतं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर पाच जण चढत नाहीत. उतरतानाही कार्ड लावायचं. तुमच्याकडे पाच कार्डं नसतील तर आदल्या दिवशी गो-कार्ड, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, घेऊन ठेवा. आई-वडिलांना आत काचेजवळ बसवा, तुम्ही तिघं पुढच्या उघड्या डेकवर जा.

बोट आधी सुळक्याच्या टोकाला वळसा घालते. सकाळी वरून बघितलेले कडे आता खालून दिसतात. सकाळचा पूल डोक्यावरून जातो. मग पुढचं वळण आणि समोर स्टोरी ब्रिज. १९४० मध्ये खुला झाला. त्याच्या कामात जॉन ब्रॅडफील्ड होते, सिडनीचा हार्बर ब्रिज उभारणारे तेच. सिडनीत तो पूल पाहून आला असाल, तेव्हा वडिलांना दोन्हींची तुलना करायला मजा येईल. यावर चढण्याचा महागडा कार्यक्रमही असतो. तुमच्या गटात तो करू नका असंच सांगेन, दोन-तीन तास जातात आणि बाकीचे खाली ताटकळतात.

पुलाखालून गेल्यावर डाव्या हाताला पाण्यावरून जाणारी पायवाट दिसेल, न्यू फार्म रिव्हरवॉक. आधीची पायवाट तरंगती होती. जानेवारी २०११ च्या पुरात ती तुटली आणि तिचा सुमारे ३०० मीटरचा एक तुकडा प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघाला. वाटेतल्या गेटवे पुलावर तो आदळला असता तर अनर्थ झाला असता. एका छोट्या टगबोटीने त्याला ढकलत, दिशा देत पुलाखालून सुखरूप पार केलं. २०१४ मध्ये नवी पायवाट आली, ती आता खांबांवर पक्की बांधली आहे. नदीचं पाणी गढूळ का, असं मुलगी विचारेल. वरच्या भागातून येणारा गाळ आणि रोजची भरती-ओहोटी, त्यामुळे. या नदीने १८९३, १९७४, २०११ आणि २०२२ मध्ये शहर बुडवलं. सांगली-कोल्हापूरचा पूर पाहिलेल्या कोणालाही इथल्या लोकांचं नदीशी असलेलं नातं समजायला वेळ लागत नाही.

न्यू फार्म पार्कला उतरा. जॅकरँडा, गुलाब, सपाट हिरवळ, वडिलांना चालायला सोपं. शेजारी जुनं वीजघर आहे, एकेकाळी शहरातल्या ट्रामना वीज पुरवणारं. आता तिथे नाटकं आणि संगीत होतं. अर्धा-पाऊण तास बसा आणि सहाच्या सुमाराला परतीची बोट घ्या. आता सूर्य शहराच्या मागे उतरत असतो, दिवे लागत असतात आणि तुम्ही पाण्यावरून थेट त्या प्रकाशात शिरत असता. हॉवर्ड स्मिथ व्हार्व्ह्जला, म्हणजे स्टोरी ब्रिजच्या बरोबर खाली, उतरून जेवा. जेवण आठच्या आत मागवा, इथली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात.

शुक्रवार ते रविवारपैकी दिवस असेल आणि अंगात बळ असेल, तर न्यू फार्मला न उतरता शेवटच्या धक्क्यापर्यंत जाऊन ईट स्ट्रीटला जेवता येईल. गर्दी आणि मोठा आवाज असतो, वडिलांना विचारून ठरवा.

राहता राहिला गॅबा. तुम्ही लिहिलंय की वडिलांची ही एकच मागणी आहे, बाकी तुम्ही न्याल तिथे ते येतील. मग ती पुरी करायलाच हवी. १९ जानेवारी २०२१ ला अजिंक्य रहाणेच्या संघाने ३२८ धावांचा पाठलाग करून इथे कसोटी जिंकली. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया या मैदानावर पहिल्यांदा हरली. पहिल्या डावातली शार्दूल ठाकूरची ६७ धावांची खेळी वडिलांना चेंडूगणिक आठवत असेल. २०३२ च्या ऑलिंपिकसाठी व्हिक्टोरिया पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायचं ठरलं आहे आणि त्यानंतर गॅबा पाडणार असं सरकारने जाहीर केलं आहे. म्हणजे पुढच्या खेपेला ते असेलच असं नाही. साउथ बँकहून टॅक्सीने दहा मिनिटं लागतात. दुपारी मुलगी पाण्यात खेळत असताना पत्नी आणि आईंना तिच्यापाशी ठेवा, आणि तुम्ही वडिलांना घेऊन जा. मैदानाच्या बाहेर उभं राहायचं, फोटो काढायचा, परत यायचं. चाळीस मिनिटांत होतं. दोघंच जा.

म्हणजे तुमच्या यादीतून कूट-था आणि बहुधा पाळणा गळतो, ईट स्ट्रीट वारावर ठरतो, बाकी सगळं घाई न करता होतं. वडिलांचं चालणं सपाटीवर साधारण तीन किलोमीटर होईल, तेही तुकड्यातुकड्याने. तेवढं जमणार नसेल तर सकाळचा पूल तसाच ठेवा आणि हॉटेलपासून बागेच्या कोपऱ्यापर्यंत टॅक्सी करा.

तारीख आणि केर्न्सच्या विमानाची वेळ कळवा. सकाळी लवकरचं विमान असेल तर रात्रीच्या जेवणाची जागा बदलून देतो. सकाळीच पाऊस पडण्याचा अंदाज आला तर गॅलरी सकाळी आणि लोन पाइन दुपारी असा उलटा क्रमही बसवता येईल, फक्त संध्याकाळची बोट तिथल्या तिथे राहू द्या.